उंबरे फोडणारा मिस्त्री

आमच्याकडे कोणी घरी आला म्हणजे आधी पाणी, मग चहा, मग पाऊसपाण्याची चौकशी, असा क्रम असतो. हा मिस्त्री अंगणात चप्पल काढायच्या आधीच विचारी, "न्हाणी कुठी आहे?" नव्या माणसाला वाटे, बिचाऱ्याला लागली असेल. लोक घाईघाईनं बोट दाखवीत. तो आत जाई, न्हाणीच्या तोंडाशी उकिडवा बसे, उंबऱ्यावर हात फिरवी, वितीनं उंची मोजी, आणि बाहेर येऊन घरधन्याला म्हणे, "मीच बांधला होता. म्हणाल तवा फोडून देतो."

बांधलेलं काम मिरवणारे मिस्त्री मी गाडाभर पाहिले. आपलंच बांधलेलं फोडू द्या म्हणून घरोघर हिंडणारा हा एकच.

किन्हीराजाच्या आजूबाजूच्या खेड्यांत निम्म्याअर्ध्या न्हाण्या त्याच्याच हातच्या. आमच्याकडे न्हाणीला उंबरा लागतोच. पाणी घरात येऊ नये म्हणून तोंडाशी वीतभर उंच भिंतुकली उभी करायची आणि तिच्यावरून पाय टाकून आत जायचं. ज्याचा उंबरा उंच त्याची न्हाणी पक्की, अशी समजूत. माझी न्हाणी त्यानं बांधली तेव्हा मीच उभं राहून सांगितलं होतं, "मिस्त्री, आणखी एक इटीचा थर चढव." त्यानं चढवला. वर म्हणाला, "भाऊ, धरण झालं धरण. पूर आला तरी थेंब नाई येणार."

तेव्हा आम्ही दोघंही धडधाकट होतो. तो मला जयभीम म्हणे, मी त्याला रामराम म्हणे, तेवढ्यात दोघांचंही भागे.

मग मध्ये कधीतरी त्याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणू लागले. मी एकदा त्याला बसस्टँडवर विचारलंच, "काय बा मिस्त्री, आपलंच काम काहून फोडून राह्यला?" त्यानं तंबाखू मळता मळता सांगितलं, "माह्या मायचा पाय माह्याच उंबऱ्यात अडकला. थे मंग उठलीच नाई." एवढंच. तंबाखू तोंडात टाकली आणि एसटीत चढला. ह्यावर त्यानं पुन्हा कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याच्याजवळ टेप नव्हता. एक सुताची दोरी होती, तिला तो गाठी मारी. कानावर पेन्सिल असे, पण तिनं काही लिहिताना कोणी त्याला पाहिलं नाही. सारं त्या गाठींत. एका गाठीला बोट लावून सांगे, "हा तुमच्या घरचा नळ." पाण्याबद्दल तो घरच्या गाईबद्दल बोलावं तसा बोले. "पाणी गरीब आहे हो. उतार दाखवला का चाललं गुपचाप. माणसालेच दहादा सांगा लागते." आणि दुसरं एक नेहमीचं, "माणूस पाण्याले भिऊन उंबरा बांधते, अन् उंबऱ्यावर पडून मरते."

नवी फरशी बसली की तो डोळे मिटून तिच्यावर अनवाणी चाले, दोन्ही हात पुढं करून. पोरं हसत. तो म्हणे, "हसा. डोयात साबण गेला म्हंजे पायच डोये होतात." आणि काम पुरं झालं की घरधन्याची वाहवा ऐकायला थांबत नसे. घमेलं पालथं घालून न्हाणीच्या बाहेर बसे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आत आंघोळीला पाठवी. आतला आवाज ऐके. पाणी कसं पडतं, तांब्या कुठं टेकतो, माणूस कुठं थांबतो. त्यावरून त्याला कळे काम जमलं की नाही. लोकांना हे चमत्कारिक वाटे. मलाही वाटे. मी म्हणत असे, हा माणूस दुसऱ्याच्या आंघोळीला कान लावतो, याला लाज कशी नाही.

मग माझी पाळी आली.

सोयाबीनच्या सोंगणीत माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाशिमला दवाखान्यात राहून आलो. पाय परतला, काठीवर चालू लागलो. डावा हात मात्र खांद्याला नुसता टांगलेला राहिला, खुंटीवर सदरा टांगावा तसा. पुढं उन्हाळा आला तरी तसाच. खाणंपिणं उजव्यानं होत होतं. त्याचं मला काही नाही. माझं सारं अडलं ते न्हाणीच्या उंबऱ्यापाशी. तो मीच उंच करून घेतलेला. पाय त्याच्यावरून जाईना. मुलगा रोज सकाळी मला काखेत हात घालून उचली, पोतं टाकावं तसा आत ठेवी, पाणी घाली, अंग पुशी, पुन्हा उचली. पोरगा गुणाचा. एका शब्दानं कधी कुरकुरला नाही. पण ज्या पोराला मी मांडीवर घेऊन पाणी घातलं त्याच्यापुढं मी डोळे मिटून बसे. तो समजे, साबण लागतो म्हणून.

एकदा तो चार दिवस बाहेरगावी गेला. सून दाराशी येऊन म्हणाली, "मामाजी, मी पाणी घालून देऊ का?"

मी म्हटलं, "मले थंडी वाजून राह्यली. आज आंघोळ नाई."

दुसऱ्या दिवशीही थंडी. तिसऱ्या दिवशीही. माझी बायको म्हणाली, "वैशाखात थंडी वाजणारा माणूस म्या पयल्यांदाच पाह्यला. वास येऊन राह्यला तुमचा."

"मंग दूर बस."

"दूरच बसली आहो. तरी येऊन राह्यला."

मला गाडीघोडा नको होता. शेताचा वाटा नको होता. दार लावून, एकट्यानं, माझ्या हातानं माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी घ्यायचं होतं. बाकी काही नाही.

मिस्त्रीला माझ्या बायकोनं निरोप पाठवला की तो आपणहून आला, ते मला अजून कळलेलं नाही. एक दिवस अंगणातून आवाज आला, "न्हाणी कुठी आहे?"

मी खाटेवरून ओरडलो, "तूच बांधली, तुले नाई माहीत? अन् उंबऱ्याले हात लावशील तं याद राख."

"काहून?"

"उंबरा काढला का गाव म्हणीन, बुढा कामातून गेला."

"गाव काय तुमची आंघोळ पाहाले येते काय, भाऊ?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला. मी म्हटलं, "आमच्या घरात थो तीस वर्ष आहे. ओळखीचा झाला आहे."

मिस्त्री माझ्या खाटेशी येऊन बसला. म्हणाला, "तुमी त्याले ओळखता. थो तुमाले ओळखत नाई. इटा-शिमिट आहे थो." मग आवाज उतरवून म्हणाला, "पोराच्या हातानं किती दिवस करता?"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. आमच्यात 'नाही' म्हटलं नाही म्हणजे तो होकारच धरतात.

मापाच्या दिवशी घोटाळा झाला, आणि तो सगळा माझा. त्या दिवशी सकाळच्या बसनं मंगरूळपीरहून माझे व्याही आले होते, माझी तब्येत पाहायला. आता व्याह्यासमोर आमच्याकडे माणूस तापानं फणफणला तरी "बरं आहे" म्हणतो. पोरगी त्याच्या घरात दिली आहे. बापाचा कमीपणा लेकीच्या ताटात पडतो. मी सकाळीच डाव्या हातावर दुपट्टा टाकून, हात मांडीवर नीट ठेवून, खुर्चीत ताठ बसलो होतो.

मिस्त्रीची माप घ्यायची रीत अशी की तो माणसाला कपड्यांनिशी बसवून आंघोळ करायला लावी. कोरडी आंघोळ. हवेत तांब्या बुडवायचा, हवेत डोक्यावर घ्यायचा, पाठ चोळायची, उठायचं. तो दोरी घेऊन भोवती फिरे.

"करा भाऊ आंघोळ."

"इथी? सगळ्यायसमोर?"

"कपडे घालून आहात ना. लाजता काहून?"

व्याही चहाची बशी हातात धरून पाहू लागले. मी उजव्या हातानं हवेतलं पाणी डोक्यावर घेतलं. मिस्त्रीनं गाठ मारली. पाठीपर्यंत हात नेला. गाठ.

"आता उठा. उठतानी कोणचा हात टेकता?"

उजव्यात तांब्या होता, म्हणजे नव्हता, पण आहे असं धरून चाललो होतो. व्याह्यांनी मान पुढं केली. मी म्हटलं, "डावा."

"डावा?"

"हो, डावा. वारं गेलं थे पायावरून. हात मोकया झाला आता."

बायकोनं तोंड उघडलं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं व्याह्यांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. व्याही म्हणाले, "वा! लयच सुधारणा आहे म्हणा की." मिस्त्री माझ्या दुपट्ट्याकडं पाहत थोडा थांबला. मग त्यानं गाठ मारली. डाव्या बाजूची.

व्याही दुपारच्या बसनं गेले. तेव्हा मी मिस्त्रीला बोलावून खरं सांगू शकत होतो. पण तोंडातून गेलेली गोष्ट परत गिळणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. वाटलं, काम होईस्तोवर हात येईलच.

दुसऱ्या दिवशी तो छन्नी-हातोडा घेऊन आला. उंबरा काही फुटेना. दोन छन्न्यांची धार गेली. मिस्त्री घामानं निथळत स्वतःलाच शिव्या घाली, "कोनं सांगतलं होतं लेका तुले एवढं शिमिट टाकाले?"

मी खाटेवरून म्हटलं, "म्या."

"तुमी तोंडानं सांगतलं. म्या हातानं टाकलं. हाताची चूक जास्त असते." आणि पुन्हा घाव. पण मध्येच हातोडा थांबवून फुटलेल्या कडेवर अंगठा फिरवून म्हणाला, "काय मजबूत बांधला होता पण!" त्याला वाईट वाटत होतं की अभिमान, मला सांगता यायचं नाही. दोन्ही असावं.

सगळी जमीन त्यानं उकरून पुन्हा केली. घराची फरशी आणि न्हाणीची फरशी सलग, मध्ये नखाएवढीसुद्धा पायरी नाही. पलीकडच्या भिंतीकडं ढाळ, आणि भिंतीशी लांबच लांब जाळी. फरशी खरबरीत, पाय धरून ठेवणारी. माझ्या खुर्चीच्या उंचीचा बसायचा ओटा. शेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर बादलीची जागा, म्हणजे वाकायला नको. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. मुलानं हातात धरायचा फवारा आणला होता. मी म्हटलं, "मी काय बाजारातली मेथी आहो का, पाणी शिंपडाले?" मिस्त्रीनं फवारा आकड्याला लटकवला आणि माझा तांब्या ओट्याजवळ ठेवला. म्हणाला, "तांब्या तुमचा. फवारा पाव्हण्यायचा."

बायकोला पाण्याची भीती. तिनं दारात वर्तमानपत्र अंथरलं, आणि मिस्त्रीला म्हणाली, "वता आता." त्यानं भरली बादली एकदम उपडी केली. पाणी दाराकडं वळलंसुद्धा नाही. धावत जाळीकडं गेलं. बायकोनं वर्तमानपत्र उचलून, उलटून, सुलटून पाहिलं. कोरडं. घडी करून काखेत घातलं आणि न बोलता चहा ठेवायला गेली. माझ्या संसारात तिनं इतक्या लवकर हार मानलेली ती एकच वेळ.

डाव्या भिंतीवर चकचकीत स्टीलची दांडी होती. मी तिच्याकडं पाहणं टाळत होतो.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी मिस्त्रीनं घमेलं पालथं घातलं आणि बसला. मी काठी टेकत आत गेलो. पाय उचलावा लागला नाही. दार ओढून घेतलं. किती महिन्यांनी मी एका बंद दाराच्या आत एकटा होतो! ओट्यावर बसलो. तांब्या भरला. डोक्यावर घेतला. एक, दोन, पाच, सात. काय सांगू, पाणी तेच, विहीर तीच. पण माझ्या हातचं होतं. मी नाकातोंडात पाणी जाईस्तोवर घेत राहिलो, आणि तोंडावरून ओघळणारं सगळंच तांब्यातलं नव्हतं.

मग उठायची वेळ आली.

दांडी डावीकडं. डाव्या हाताला म्हटलं, ऊठ. तो उठला नाही. उजवा हात आडवा नेला, पोचला नाही. घसरलो, ओट्यावर आदळलो. तांब्या पडून गडगडत जाळीला लागला.

बाहेरून मुलाची हाक आली, "बाबा?" पावलं वाजली.

"थांब," मिस्त्रीचा आवाज. "दार उघडू नको."

"अहो, पडले असतील..."

"पडले नाई. बसले आहेत. पडल्याचा आवाज येगळा असते." मग आवाज अगदी दाराला लागून, हळू आला, "भाऊ. कोणचा हात?"

मी जाळीशी पडलेल्या तांब्याकडं पाहिलं.

"भाऊ, तुमी आत, मी बाहेर. मधात दार आहे. सांगा."

"डावा," मी म्हटलं.

"डावा काय?"

"मेला आहे."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग माप घेतलं तवा?"

"व्याही बसला होता."

मग घमेलं जमिनीवर खडखडलं. तो हसत होता, आणि बसल्या जागी हलत होता. मला एवढा राग आला की हात चालता तर त्याच रागानं उठून उभा राहिलो असतो. हसणं आवरून तो म्हणाला, "बरं. आता व्याही नाई. ऐका. ओट्याची कड उजव्यानं धरा. बसल्या बसल्या डावीकडं फिरा. फिरले? भित तोंडासमोर आली का?"

"आली."

"दांडी?"

"छातीपुढं."

"मंग उजव्यानं धरा अन् उठा. सावकाश. आमाले कोनालेच घाई नाई."

मी उभा राहिलो. कोणी हात लावला नाही. धोतर गुंडाळायला वेळ लागला, तेवढा वेळ बाहेर खरंच कोणी घाई केली नाही. दार मीच उघडलं. मुलगा पाठ करून उभा होता. मिस्त्री पाठ करून बसला होता. बायको चुलीकडं तोंड करून. तिघंही मला न पाहण्यात गढलेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी कोरी भिंत फोडली आणि दांडी उजवीकडं घेतली. मुलगा म्हणाला, "मिस्त्री, राहू द्या ना. फिरून उठता येते त्यायले."

"रोज सकाळी बापानं कसरत करा लागे काय? सर्कस आहे काय घरात?"

त्या दिवसापासून त्याच्या रीतीत एक भर पडली. अंगणात आला की आधी न्हाणी विचारतो, आणि लगेच दुसरं, "घरात व्याही, पाव्हना कोनी आहे काय? असन तं उद्या येतो." माप तो आता दार लावून घेतो. हे माझ्यामुळं, असं तो चारचौघांत सांगतो. माझं नाव घेत नाही. पण गावाला कळतं.

मी रोज दार लावून आंघोळ करतो. मनात येईल तेवढा वेळ. त्याचे उपकार मी तोंडानं कधी मानले नाहीत. मानायला गेलो की तो उठून जाळीतला केर काढायला जातो. म्हणून इथं लिहून ठेवतो. माझी लाज माझ्या दाराच्या आत राहिली, ती या माणसामुळं. डॉक्टरांनी पाय परत दिला. यानं मला माणसांत बसवलं.

परवा तो काळीपिवळी जीप थांबवून दारात उभा राहिला. "भाऊ, चला."

"कुठी?"

"रिसोडले. एक मास्तरीणबाई आहेत. रिटायर झाल्या. न्हाणीत दोनदा पडल्या. पोरानं मले बोलावलं, पण बाई माप देऊन नाई राह्यल्या. म्हणतात, मले काहीच नाई झालं."

"मंग मी कायले? मी काय डॉक्टर आहो?"

"नाई. तुमी खोटारडे आहात. खोटं बोलणाऱ्याले खोटं बरोबर समजते."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर काठी घातली असती. जीपमध्ये बसलो.

रिसोडच्या त्या घरात बाई खुर्चीत बसल्या होत्या, साडीचा काठ पायाच्या बोटांपर्यंत ओढून. भोवती मुलगा, सून, शेजारच्या दोन बायका. बाईंचं बोलणं पुस्तकातल्यासारखं. "मला काही झालेलं नाही. जरासा गुडघा धरतो, एवढंच. त्यासाठी घर फोडायचं कारण नाही."

मिस्त्री म्हणाला, "बाई, बाकीच्यायले बाहेर पाठवा. दार लावून बोलू."

"कशाला? मला काय लपवायचंय?"

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठून गेलो असतो.

मी दुपट्टा काढला. उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं, उचललं आणि बाईंपुढच्या टेबलावर ठेवलं. दाण्याची पिशवी ठेवावी तसा आवाज झाला. शेजारणी पाहू लागल्या. पाहू दिलं.

"बाई," मी म्हटलं, "हा माहा डावा हात. याले म्या व्याह्यासमोर धडधाकट म्हणून सांगतलं. मंग न्हाणीत अडकून बसलो. घरचे सगळे बाहेर उभे."

सून तोंड फिरवून हसली. बाई हसल्या नाहीत. त्या हाताकडं पाहत राहिल्या. मग विचारलं, "व्याही काय म्हणाले?"

"त्याले अजून माहीत नाई."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मुलाला म्हणाल्या, "तुम्ही सगळे जरा बाहेर जा." मीही उठू लागलो. "तुम्ही नाही, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. दार लागलं. पलीकडं कोणी उभं नाही ना, याचा त्यांनी कानोसा घेतला, आणि साडीचा काठ घोट्यावरून वर उचलला.

"डावा पाय," त्या म्हणाल्या. मग थांबून, "आणि खरं सांगू? उजवाही."